सोलापुरी उन्हात बारमाही फुलांचा ताटवा: खड्डे खणू नका

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठेही नवं घर बांधलं की कंपाउंडच्या भिंतीलगत चार-पाच फुटांची मातीची पट्टी उरते आणि तिथे फुलझाडं लावायचं ठरतं. मग कोणीतरी सांगतंच, 'दीड फुटाचे खड्डे घ्या, लाल माती नि शेणखत भरा, रोपं लावून टाका.' हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत तो चालतही असेल. आपल्या काळ्या रानात तो रोपांचा जीव घेतो, आणि तोही दुष्काळात नाही, सप्टेंबरच्या पावसात.

जागा: दिवसाचं सहा तास तरी ऊन हवं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण सावलीचा अंदाज डिसेंबरात घेऊ नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये भर दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे हिवाळ्यात भिंतीच्या उत्तरेला जी गार सावली दिसते, ती ऐन उन्हाळ्यात तिथे नसते. पश्चिमेकडचं दुपारचं ऊन सर्वांत मारकं. तिथे फक्त चिवट झाडं.

रुंदी चार फूट. बाजूने वाकून हात अडीच फुटांपर्यंतच पोचतो, म्हणून भिंत आणि ताटवा यांच्यात फूटभर वाट सोडा. ही वाट तण काढायला लागतेच. शिवाय ओली काळी माती फुगते, वाळली की आक्रसते, आणि भिंतीला टेकवून माती चढवली तर ओल भिंतीत शिरते.

झाडं: मागे पाच-सहा फुटांची, म्हणजे पिवळा टेकोमा आणि साधी गावठी जास्वंद. कण्हेरही उत्तम तगते, पण तिचं पान, फूल, चीक सगळं विषारी, म्हणून लहान मुलं किंवा शेळ्या असलेल्या घरी मी लावू देत नाही. मध्ये निळा प्लंबॅगो आणि सदाफुली. पुढच्या काठाला चिनी गुलाब आणि पावसाळी लिली. बस. एका रंगाची तीन-तीन, पाच-पाच रोपं एकत्र लावा, नाहीतर ताटवा नर्सरीच्या विक्रीच्या रांगेसारखा दिसतो. बोगनवेल इथे नको, दोन वर्षांत ती बाकीच्यांना गिळते. एक्झोराही नको. आपल्या चुनखडीच्या मातीत त्याला लोह मिळत नाही, पानं पिवळी नि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मग माणसं वर्षभर औषधं फवारत बसतात.

आता माती. खरं काम हेच.

पहिल्या वर्षी मीही खड्डेच घेतले होते. सव्वीस खड्डे, वर ट्रॉलीभर लाल माती विकत. जुलै-ऑगस्ट सगळं झकास. सप्टेंबरात दोन दिवस झड लागली आणि तिसऱ्या दिवशी सदाफुली माना टाकून बसली. मला वाटलं तहानली, म्हणून पाणी घातलं! दोन दिवसांनी एक रोप ओढलं तर ते हातात अलगद आलं. मुळांची साल बोटांना चिकटून सुटत होती, आत नुसता पांढरा दोरा, आणि वास नाल्यासारखा. खड्ड्यात बोट घातलं तर पाणी. आजूबाजूची काळी माती मात्र नुसती दमट. सासरे मोहोळकडचे शेतकरी, ते वाकून बघत म्हणाले, 'अगं, तू हौदच बांधलीस की.'

झालं होतं ते एवढंच. काळ्या चिकणमातीतून पाणी फार सावकाश झिरपतं आणि भुसभुशीत लाल मातीतून भरकन. पाऊस पडला की सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरतं आणि तिथेच साचतं, कारण खड्ड्याच्या चारही भिंती आणि तळ घट्ट. खड्डा जितका खोल नि माती जितकी 'चांगली', तितका हौद मोठा. शंका असेल तर फूटभर खड्डा घेऊन पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं, तर उत्तर मिळालं.

म्हणून खाली जायचं नाही, वर यायचं. शेतकरी ज्याला गादीवाफा म्हणतात तोच करायचा. मृगाचा एखादा पाऊस पडू द्या आणि वाफसा येण्याची वाट बघा. मूठभर माती दाबा: गोळा झाला आणि बोटाने टोकल्यावर फुटला की वाफसा. बोट रुतलं, चिकटलं, तर अजून दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली, नुसतं पायांनी तुडवलं तरी वाळल्यावर विटा होतात, आणि त्या विटा पुढचा हंगामभर फुटत नाहीत. मेमध्ये कोरड्या रानात टिकाव घालणाऱ्यांना तर मनगटाच्या दुखण्याखेरीज काही मिळत नाही.

वाफशावर वरची सहा-आठ इंच माती मोकळी करा, त्याखाली हात लावू नका. पुढच्या बाजूने वीतभर खोल चर काढा, त्याला रस्त्याच्या गटाराकडे उतार द्या, आणि चरातून निघालेली माती वाफ्यावरच चढवा. त्यात तीन-चार इंचांचा थर चांगल्या कुजलेल्या शेणखताचा मिसळा. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) मिळाली तर तीही चालते, पण जुनी, गार झालेली. ताजी मळी आतून तापलेली असते, मुळं भाजतात. लाल माती हवीच असेल तर सगळीकडे सारखी कालवा, वेगळा थर किंवा वेगळा खिसा करायचा नाही. सगळं मिळून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा नऊ ते बारा इंच वर, मधे थोडा फुगीर. कडेला शहाबादीचे तुकडे उभे गाडले की माती घसरत नाही, फक्त पाणी सुटायला फटी ठेवा.

वाळू घालू नका. चिकणमातीत थोडीशी वाळू म्हणजे मोकळी माती नव्हे, ती गिलाव्याची तयारी. मुरूम वाटेवर पसरा, वाफ्यात नको. जिप्समची पिशवी खपवणारेही भेटतात. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचं औषध आहे, साध्या काळ्या मातीत त्यावर पैसे घालवू नका.

वाफा पंधरा दिवस तसाच बसू द्या. दोन इंच तरी खचतो.

लागवड: पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे जुलैत, ढगाळ संध्याकाळी. उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतरचा जोराचा पाऊस येईपर्यंत मुळं दोन महिने पसरलेली हवीत. जुलै हुकला तर सरळ दिवाळीनंतर लावा, मधे नको. पिशवीतलं रोप काढलं की मुळांभोवतीचा लाल गोळा बोटांनी अर्धा तरी झाडा. तो तसाच पुरला तर काळ्या मातीत विटेसारखा वेगळा राहतो, मुळं त्याबाहेर पडत नाहीत. मुळांच्या गोळ्याचा माथा वाफ्यापेक्षा इंचभर वरच ठेवा. टेकोमा, जास्वंद चार-चार फुटांवर, प्लंबॅगो तीन, सदाफुली सव्वा फूट.

पाणी: पहिले तीन आठवडे दिवसाआड, तेही पाऊस नसेल तर. पुढे आठवड्यातून एकदा, पण भरपूर. नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा पिंप भरून ठेवा नि ठिबकची नळी बुंध्यापासून वीतभर लांब टाका. पाणी घालण्याआधी जुना स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. टोकाला ओली माती चिकटून आली तर नळ बंद. मान टाकलेलं रोप दर वेळी तहानलेलं नसतं, हे मी सव्वीस रोपं घालवून शिकले.

पाऊस सरला की उसाचं पाचट किंवा शेंगांची टरफलं तीन इंच पसरा, बुंधा मोकळा ठेवून. हे केलं नाही तर फेब्रुवारीपासून भेगा पडतात आणि बारीक मुळं तटातट तुटतात. कडब्याचा विचारही करू नका, जनावरं असणारे शेजारी बोलणं बंद करतील. छाटणी हलकी, होळीच्या आत. एप्रिलमध्ये कात्री चालवली की उघड्या पडलेल्या फांद्या करपतात. पारा ४२च्या पुढे गेला की पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा, पहिल्या उन्हाळ्यापुरती.

पहिलं वर्षभर ताटवा विरळ दिसेल. पाहुणे 'एवढी मोकळी जागा का?' विचारतील. त्या जागेत दसऱ्यासाठी झेंडू लावा, पण आणखी एखादं कायमचं रोप खुपसू नका. दुसऱ्या पावसाळ्यात प्लंबॅगो ती जागा भरून काढतो, आणि सदाफुलीची आपोआप उगवलेली रोपं तर शेजारीपाजारी वाटून उरतात.