तळ्याची कमाई मोजायची कशी
अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ रेमंड लिंडमनने १९४२ साली सीडर बॉग लेक या अमेरिकेतल्या तळ्यातल्या ऊर्जेचा ताळेबंद मांडला. मी तळ्याची कमाई, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींनी उजेडात साठवलेली ऊर्जा, ऑक्सिजनवरून तीन बाटल्यांत मोजते. तिन्हींत एकाच खोलीवरचं पाणी भरा. बुडबुडा एकही नको. पहिलीतला ऑक्सिजन लगेच मोजा. दुसरी पारदर्शक, तिसरी काळ्या कापडात गच्च गुंडाळलेली; दोन्ही त्याच खोलीवर दोरीने टांगा. एकदा माझं कापड सैल सुटलं आणि ‘अंधारातली’ बाटलीही ऑक्सिजन कमावून बसली! तेव्हापासून वरून फॉइल लावते. चार-सहा तासांनी दोन्ही मोजा. उजेडातल्या आकड्यातून अंधारातला वजा केला की एकूण उत्पादन. पहिल्यातून अंधारातला वजा केला की श्वसनाचा खर्च. हे आकडे ऊर्जेत मांडायला १ ग्रॅम ऑक्सिजनमागे साधारण १४ किलोज्यूल धरा.