आपल्या गावाचा तारीखवार इतिहास कसा लिहून ठेवायचा (मराठवाड्यातल्या सगळ्यांसाठी)

दिनविशेषाचे मेसेज रोज सकाळी प्रत्येक ग्रुपवर येऊन पडतात, कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठल्या देशात कसला शोध लागला, आणि त्यात आपला मराठवाडा येतो तो १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनामुळं, नाहीतर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपामुळं. मग बाकीच्या ३६४ दिवसांत आपल्याकडं काहीच घडलं नाही का? घडलंय की. गावात पहिला बल्ब लागला, पहिली एसटी आली, तळं फुटलं, शाळा मारुतीच्या देवळातून उठून नव्या खोल्यांत गेली, हे सगळं कुठल्या ना कुठल्या तारखेलाच झालेलं आहे, फक्त कुणी लिहिलं नाही आणि ज्यांना आठवतंय ती माणसं आता थकलीत. म्हणून हे काम आत्ताच करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. इतिहासात एम.ए. असायची काही गरज नाही.

आधी एक जाड वही घ्या, एका तारखेला एक पान अशी ३६६ पानं, २९ फेब्रुवारी धरून. शेवटी पंचवीसेक पानं कोरी सोडा, त्याचं काम पुढं सांगतो. नोंद करताना काय झालं, कुठं झालं, कोणत्या साली, कुणी सांगितलं आणि पुरावा काय एवढं यायला पाहिजे, आणि पुढं एक शब्द लिहायचा, पक्की, अंदाजे किंवा ऐकीव. हा एक शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण पाच वर्षांनी तुम्हाला स्वतःलाच आठवणार नाही की ही तारीख कोनशिलेवर बघितली होती का पारावर ऐकली होती. कॉम्प्युटरवर करणार असाल तर एक्सेलमध्ये दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे कॉलम करा, कारण एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखेला तारीख मानतच नाही आणि मग सगळं सॉर्टिंग बिघडतं.

आता सुरुवात कुठून करायची तर सगळ्यांना माहीत असलेल्या मोठ्या तारखा आधी आपापल्या पानावर टाकून घ्या. १४ जानेवारी १९९४ मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, १२ एप्रिल २०१६ मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, १ मे १९८१ जालना जिल्हा, १ मे १९९९ हिंगोली जिल्हा, १८ मे १९७२ परभणीचं कृषी विद्यापीठ, २३ ऑगस्ट १९५८ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो. ह्या तारखा म्हणजे भिंतीतल्या खुंट्या समजा, गावातल्या गोष्टी यांनाच अडकवायच्या. लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचंच घ्या, दहा वाघिणी आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी, हे सगळ्या पेपरात आलं. पण तुमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी यायचा, टँकर कोणत्या चौकात थांबायचा, घागरींचे नंबर रात्री किती वाजता लागायचे, कोणत्या शेतकऱ्यानं आपलं बोअर गल्लीला मोकळं करून दिलं, हे कुठंच छापलेलं नाही. वहीत १२ एप्रिलच्या पानावर खरं तर हे यायला पाहिजे. तसंच जायकवाडी धरणाचं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली हे सगळीकडं सापडतं, पण पाण्याखाली गेलेल्या एखाद्या गावातलं शेवटचं बिऱ्हाड कोणत्या दिवशी बैलगाडीत सामान टाकून निघालं हे त्या घरच्या लोकांशिवाय कुणालाच माहीत नाही. पैठण, गंगापूर, शेवगावकडचे कुणी वाचत असाल तर हे काम सगळ्यात आधी करा.

म्हाताऱ्या माणसांकडं जाताना "तारीख कोणती होती?" असं विचारूच नका, ते गप्प होतात. आपल्या आज्या-आजोबांची तारीख पिकात, सणात आणि लेकराबाळांत असते. "आजी, तवा शेतात काय उभं होतं?", "तुमचं थोरलं लेकरू केवढं होतं?", "पोळ्याच्या आधी का नंतर?" असं विचारा, मग बघा कशी गाडी सुटते. तूर काढायला आली होती म्हणजे पौष-माघाकडचं, हुरडा चालू होता म्हणजे थंडीतलं. कुणी म्हणेल येळवशीच्या दुसऱ्या दिवशी झालं, तर लातूर-धाराशिवकडं ही फार नेमकी खूण आहे, मार्गशीर्ष अमावस्येचा दुसरा दिवस. साल सापडलं की तारीख मिळालीच. सालासाठी मोठे प्रसंग कामाला येतात, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली त्याच्या आधी का नंतर, भूकंपाच्या आधी का नंतर, रझाकाराच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या) वेळेला तुम्ही शाळेत जात होतात का. बहात्तरमध्ये खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेलेल्या बायका आजही गावोगावी आहेत, त्यांच्याकडून गावातल्या रस्त्यांचा आणि तलावांचा सगळा हिशेब मिळतो, आणि पुरुषांपेक्षा त्यांच्या आठवणी जास्त तपशिलाच्या असतात असा माझा अनुभव आहे, त्यामुळं फक्त पारावरच्या मंडळींना विचारून परत फिरू नका.

तिथीवरून तारीख काढायला आता मोबाईलवर जुन्या वर्षांची पंचांगं मिळतात, पण एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडं महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडं पौर्णिमेला. ॲप उत्तरेच्या पद्धतीवर असेल तर वद्य पक्षातल्या तिथीला महिन्याचं नाव एकानं पुढचं दिसतं, आपली फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी तिथं चैत्रात दिसेल. सेटिंगमध्ये अमान्त असं असतं, ते करून घ्या, नाहीतर नोंद महिनाभर सरकायची.

दुसरी अडचण रात्रीची. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला झाला, पण लोकांच्या बोलण्यात ती अनंत चतुर्दशीची, विसर्जनाची रात्र आहे, आणि चतुर्दशी होती २९ तारखेला. दोन्ही बरोबरच आहे. म्हणून पहाटेच्या घटना लिहिताना वेळ पण टाका, म्हणजे पुढं वाचणाऱ्याचा घोळ होत नाही. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ ला पण अनंत चतुर्दशीच होती. त्यामुळं कुणी म्हातारं माणूस म्हणालं की गणपतीत फौजा आल्या, तर ते अगदी बरोबर सांगतंय, १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजेची कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, सुरू झाली तेव्हा गणपती बसलेलेच होते.

निजामकाळातला कागद हातात आला तर बहुतेक वेळा तो उर्दूत असतो आणि साल फसली, म्हणजे सरकारी महसुलाचं, असतं. घाबरू नका. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं, आजूर, दय, बहमन असे त्याचे महिने. फसली सालात ५९० मिळवले की ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झालं ते कळतं, जानेवारी लागल्यावर ५९१ मिळवायचे. म्हणजे फसली १३४० दिसलं तर ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. देवळाच्या किंवा बारवेच्या दगडावर शके असेल तर ७८ मिळवा. हिजरीला मात्र असा एक आकडा चालत नाही, ते वर्ष चांद्र आहे, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं, त्याला कन्व्हर्टरच लागतो. दुकानदाराच्या जुन्या चोपड्या मिळाल्या तर भाव हाली सिक्क्यात (निजामाच्या रुपयात) आहे का कलदारमध्ये (इंग्रजांच्या रुपयात) ते बघा, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. उर्दू वाचणारं माणूस गावातच मिळतं, मशिदीतले मौलाना किंवा उर्दू शाळेतले सर, त्यांना मानानं घरी बोलवा, चहापाणी करा, आणि वहीत त्यांचं नाव लिहा की वाचन यांनी केलं. मोडीचं पण तसंच.

कागद कुठं कुठं सापडतात तर सगळ्यात चांगली जागा जिल्हा परिषदेची शाळा. जुनं लॉगबुक आणि दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांना विनंती करून तिथंच बसून बघा, घरी मागू नका. लॉगबुकात पटकीची साथ आली म्हणून सुट्टी, ओढ्याला पूर आला म्हणून हजेरी कमी, साहेब आले, झेंडावंदन झालं असं रोजचं बारीकसारीक असतं आणि तारखेसकट असतं, याच्यापेक्षा चांगला खजिना नाही. फक्त रजिस्टरातल्या जन्मतारखांवर भरवसा ठेवू नका, निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून निघेल, ती गुरुजींनी लावलेली तारीख आहे. मग ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, सोसायटीचे ठराव, तलाठ्याकडचे १९५४-५५ चे खासरे (जमिनीच्या नोंदी), पुलावरच्या आणि समाजमंदिरावरच्या कोनशिला. कोनशिलेवरची तारीख भूमिपूजनाची आहे का उद्घाटनाची ते वाचून घ्या, मधे दहा दहा वर्षं गेलेली असतात. घरात लग्नपत्रिका आणि जुन्या दिनदर्शिका शोधा. आपल्या बायका दिनदर्शिकेच्या चौकोनात दूध, गॅस, गाय व्याली, बाळाला लस, पाव्हणे आले असं सगळं लिहीत आल्यात. माझ्या मते मराठवाड्याचा गेल्या पन्नास वर्षांचा खरा रोजचा इतिहास तिथं आहे आणि आपण तो दर जानेवारीला रद्दीत घालतोय. जपून ठेवा हो ते, निदान फोटो तरी काढा.

जिथं नुसता महिना कळला आणि तारीख काही केल्या मिळाली नाही तिथं ओढूनताणून तारीख बसवू नका. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर "पावसाळा, १९८० च्या आसपास" असं लिहून ठेवा, उद्या कुणाच्या तरी पेटीतून कागद निघतो आणि नोंद आपोआप आपल्या पानावर जाते.

आता नाजूक भाग. १९४७-४८ मधे रझाकारांनी जे केलं ते लिहायलाच पाहिजे, आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमान घरांवर जे गुदरलं तेही लिहायलाच पाहिजे, १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी दलित वस्त्या जळाल्या तेही. दोन्ही आळीत जाऊन बसा, एकाच ओट्यावर ऐकून नोंद करू नका. मारणाऱ्याचं घराणं, अत्याचार झालेल्या बाईचं नाव असलं काही ग्रुपवर टाकायचं नाही, नातवंडं त्याच गावात राहतात. वहीत लिहायचं का ते सांगणाऱ्याला विचारून ठरवा, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथंच सोडा. कुणी बोलता बोलता रडायला लागलं तर रेकॉर्डिंग बंद करून नुसतं शेजारी बसा.

ग्रुपवर रोज एकच नोंद टाका, चार ओळींची, सकाळी. "आजच्या दिवशी १९६८ साली आपल्या गावात वीज आली" एवढं आलं की दुपारपर्यंत पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी फोन करून सांगायला लागतात की पहिला बल्ब कुणाच्या ओसरीत लागला होता, कुणी भिऊन बटण दाबलं नव्हतं, आणि कुणीतरी सालच चुकलंय म्हणून भांडतं. भांडू द्या, पण पुरावा मागा, आणि दुरुस्ती केली तर जुनी नोंद खोडू नका, खाली नवीन लिहा, तारीख टाकून. ग्रुपवरचे मेसेज दोन महिन्यांत वर सरकून जातात, म्हणून आठवड्याला एकदा बसून सगळं वहीत उतरवा. वर्ष पूर्ण झालं की वहीच्या तीन झेरॉक्स काढा, एक शाळेत, एक गावच्या वाचनालयात आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणाकडं तरी, मूळ वही वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत.