स्कायरिम पहिल्यांदा खेळताय? मग बाणामागे धावू नका

स्कायरिम हा व्हिडिओ गेम घेऊन तीन-चार तासांत सोडून दिलेली निदान चार माणसं माझ्या ओळखीत आहेत. चौघांचं दुखणं एकच. पुढची कामगिरी कुठे आहे ते दाखवणाऱ्या, पडद्यावरच्या होकायंत्रातल्या बाणामागे पळत सुटले, दमले आणि मग म्हणाले, ‘काय आहे एवढं त्यात?’ गेम आला ११ नोव्हेंबर २०११ला आणि मी अजून खेळतेय. तेव्हा सुरुवात कशी करावी हे सांगण्यापुरता माझा अधिकार धरून चालू.

आधी मशीन बघा. २०१६ साली आलेली स्पेशल एडिशन घ्यायची. तिला १२ जीबी जागा, ८ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की किंमत चांगलीच उतरते, त्यामुळे पूर्ण किमतीला घेऊ नका. (हे पुण्यात सांगायला लागू नये.) सेटिंग्जमध्ये जाऊन सबटायटल चालू करा, नाहीतर नॉर्ड, म्हणजे गेममधल्या बर्फाळ मुलखातल्या लोकांचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं. आणि एफ५ हे बटण बोटाला पाठ करून टाका, त्याने क्विकसेव्ह होतं, म्हणजे खेळ आहे तिथे जतन होतो. गेल्या वळवाच्या पावसात कोथरूडला लाईट गेली तेव्हा अर्ध्या तासाची मारामारी माझ्या डोळ्यांदेखत अंधारात गेली. त्यानंतर मी यूपीएस आणला.

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही हात बांधलेल्या अवस्थेत घोडागाडीत असता. गाडी हेल्गेनला पोचते आणि तुम्हाला पात्र घडवायला मिळतं. दहा वंश आहेत. लोक इथे तासभर नाक-भुवया कोरत बसतात, आणि पुढे शिरस्त्राण चढवलं की त्यातलं काही दिसत नाही. पहिल्या खेपेला सरळ नॉर्ड घ्या. त्याला थंडीच्या माऱ्यापासून ५० टक्के संरक्षण असतं आणि या बर्फाळ मुलखात ते पदोपदी कामी येतं. योद्धा की जादूगार हे आधी ठरवायची गरज नाही. १८ कौशल्यं आहेत, त्यातलं जे वापराल ते वाढतं. मात्र दर लेव्हलला मिळणारा पर्क पॉइंट (कौशल्यात खास ताकद विकत घ्यायचा गुण) जपून खर्च करा. दोन, फार तर तीन कौशल्यं धरा. सगळीकडे चिमूट चिमूट टाकणारा माणूस विसाव्या लेव्हललाही लांडग्याकडून मार खातो.

मग हेल्गेनवर ड्रॅगन हल्ला करतो. त्यातून निसटताना हॅडव्हार हा सैनिक किंवा रॅलोफ हा बंडखोर, कुणाबरोबरही जा. दोघंही रिव्हरवुड गावालाच नेतात. वाटेत तीन उभे दगड लागतात: योद्ध्याचा, जादूगाराचा आणि चोराचा. एकाला हात लावला की त्या गटातली कौशल्यं २० टक्के लवकर वाढतात. गावात पोचल्यावर एक पथ्य पाळा. कोंबडी मारू नका. अख्खं गाव अंगावर येतं.

इथून पुढे बाणाकडे दुर्लक्ष करायचं. बाण म्हणेल व्हाइटरन शहरात जा, तिथला यार्ल (म्हणजे सरदार) बाल्ग्रूफ याला ड्रॅगनची खबर द्या. देऊ सावकाश. व्हाइटरनजवळच्या बुरुजावर पहिला ड्रॅगन तुम्ही मारेपर्यंत बाकीचे ड्रॅगन आकाशात फिरायला लागतच नाहीत. म्हणजे तोवर फुलं तोडा, मासे पकडा, खाणीत शिरा, डोक्यावर कुणी आग ओकणार नाही. बदल्यात गर्जनेची शक्ती, म्हणजे ड्रॅगनच्या भाषेत ओरडून वार करायची विद्या, तेवढी लांबते. मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

त्याऐवजी रिव्हरवुडच्या दुकानात जा. लुकन वलेरियसचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय, तो आणायला डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये उतरायचं आहे. खेळ कसा चालतो हे शिकायला याहून चांगली जागा नाही. पहिलं कोडं फिरत्या खांबांचं. तीन खांब, त्यांच्यावर प्राण्यांची चित्रं. उत्तर समोरच आहे: दोन दगडी मुखवटे वर भिंतीत आणि मधला निखळून खाली पडलेला. साप, साप, देवमासा. चुकीचं लावून कळ ओढली तर अंगावर बाण येतात.

दुसरं कोडं दाराचं. माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत याच दारापुढे पाऊण तास बसला होता. तीन कडी, प्रत्येकीवर प्राणी, मध्ये पंजा बसवायची खोबण.

‘मावशी, हे उघडतच नाही. यूट्यूबवर बघू?’

‘पंजा कुठंय?’

‘बॅगेत.’

‘मग बॅग उघड आणि पंजा नीट बघ की.’

त्याने इन्व्हेंटरी उघडली. पंजा पडद्यावर आला, सोनेरी, नखं बाहेर काढलेला. ‘बघितला,’ म्हणाला. मी म्हटलं, फिरव. त्याने माउसने तो झूम करून उलटा केला आणि गप्प झाला. तळव्यावर तीन चित्रं कोरलेली होती: अस्वल, पतंग, घुबड. बाहेरच्या कडीपासून आतल्या कडीपर्यंत त्याच क्रमाने लावली आणि दार धडधडत खाली गेलं. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत तो गेममधली प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघत होता, अगदी कोबीसुद्धा.

आता ओझ्याचं. सुरुवातीला ३०० इतकं वजन पेलतं. त्यावर गेलं की पाय ओढत चालावं लागतं आणि फास्ट ट्रॅव्हलही (नकाशावरून थेट दुसरीकडे पोचणं) बंद. आपल्याकडे जुना डबा टाकवत नाही, तीच सवय इथे नडते. मी किमतीला वजनाने भागते. भागाकार दहाच्या खाली आला की वस्तू तिथेच सोडते. लोखंडी तलवारी उचलू नका, अंगठ्या आणि रत्नं उचला. दुकानदाराकडचे पैसे संपले तर खेळातले ४८ तास थांबा, गल्ला पुन्हा भरतो. आणि रस्त्यातल्या कुठल्याही पेटीत आपला माल ठेवू नका, बऱ्याच पेट्या काही दिवसांनी पूर्ववत होतात आणि तुमचं सामान गायब होतं. व्हाइटरनमधलं ब्रीझहोम हे घर ५००० सोन्याच्या नाण्यांना मिळतं, तोवर दम धरा.

औषधांवर पैसे घालवू नका. गहू आणि निळं डोंगरी फूल अल्केमीच्या टेबलावर एकत्र केलं की तब्येत भरून काढणारं औषध तयार. त्याहून मजेदार म्हणजे भाजीचं सूप. कोबी, लीक, बटाटा, टोमॅटो, एकेक नग, चुलीवरच्या पातेल्यात. ७२० सेकंद दर सेकंदाला एक हेल्थ (तब्येत) आणि एक स्टॅमिना (दम) मिळत राहतो. एक म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण जोरदार वार करायला स्टॅमिना शून्याच्या वर असला की पुरतो. त्यामुळे सूप पिऊन दोन हाती कुऱ्हाड अखंड फिरवता येते. फोडणी नाही, तरी चालवून घ्या.

व्हाइटरनच्या वाटेवर एक राक्षस शेतात लढताना दिसेल. मदतीला धावू नका, त्याचा एक सोटा बसला की तुम्ही शब्दशः आकाशात जाता.

आणि एवढं सगळं करून कंटाळलात की मग बाल्ग्रूफकडे जा, ड्रॅगन मारा. त्यानंतर ग्रेबिअर्ड, म्हणजे गर्जना शिकवणारे साधू, बोलावतील आणि हाय ह्रोथगार या त्यांच्या डोंगरावरच्या मठाच्या सात हजार पायऱ्या समोर येतील. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांना धापा टाकणाऱ्यांनी घाबरू नये, प्रत्यक्षात तेवढ्या नाहीत. भीती मधल्या फ्रॉस्ट ट्रोलची. त्याला आग सोसत नाही, आणि ज्वाळांचा मंत्र पहिल्यापासून तुमच्याकडे आहेच. पायथ्याला आयव्हरस्टेडच्या पुलाजवळ क्लिमेक नावाचा माणूस भेटेल, वर पोचवायचं सामान तुमच्या गळ्यात मारायला बघेल. घ्या. नाहीतरी वर जायचंच आहे.