दिवस गेलेत? आधी आशाताईला गाठा

पाळी चुकली की लाजत बसू नका, उपकेंद्रात जाऊन नाव नोंदवा आन माता-बाल कार्ड घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं. आपल्या बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी तर कार्ड सोबतच न्यावं, घरी पेटीत ठेवून काय उपयोग. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते. बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण सगळं फ्री, गाडीसाठी १०२ लावा. मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५००० मिळतात, ३००० आधी आन २००० बाळाच्या जन्मनोंदणी आन लसीनंतर. पैसे आधारला जोडलेल्या खात्यावरच येतात, नवऱ्याचं खातं देऊ नका, माझे तिथंच चार महिने अडकले होते बगा.