'सिद्धेश्वर' शोधला की 'सिध्देश्वर'ही सापडेल असा डेटाबेस कसा करावा

चाटी गल्लीतल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानातली गिऱ्हाइकांची यादी उघडून बघा. ग्रामदैवताचं नाव ठेवलेली माणसं सोलापुरात पावलोपावली. कुणी 'सिद्धेश्वर' टाइप केलंय, कुणी 'सिध्देश्वर'. शहराच्या पूर्व भागातलं आडनाव 'येमुल' आणि 'येमूल' तसंच. यादी मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत असेल तर हे करा.

आधी बॅकअप. मग जुन्या नोंदी कशा दिसतात ते पाहा. प्रश्नचिन्हांची रांग असेल तर मूळ अक्षरं बहुधा गेलीच, वहीवरून पुन्हा भरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मूळ बाइट, म्हणजे साठवलेली माहिती, बहुतेक वेळा शाबूत असतात. रकाना लॅटिन१ (रोमन लिपीपुरती अक्षरसंहिता) असेल तर तो आधी बायनरी (नुसते बाइट) करा, मग यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या मावणारी संहिता). थेट बदललात तर कचराच पक्का होतो.

टेबलाइतकंच कनेक्शनही, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेसमधला दुवाही, यूटीएफ८एमबी४ हवं. लोक नेमकं तेच विसरतात. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून नव्या टेबलांना हे आपोआप मिळतं.

आता कोलेशन, म्हणजे कोणती अक्षरं सारखी धरायची याचे नियम. त्याच्या नावातलं 'एआय' (अ‍ॅक्सेंट-इन्सेन्सिटिव्ह) पाहून हुरळू नका. फ्रेंच-स्पॅनिश अक्षरांवरच्या रेघा-टिंबांकडे काणाडोळा करायला ते उपयोगी; त्यात आपल्या अनुस्वाराकडेही दुर्लक्ष होऊ शकतं. सर्व्हरलाच विचारा, 'रग' आणि 'रंग' सारखे का? उत्तर १ (म्हणजे हो) आलं तर नावात 'एएस_सीएस' असलेलं, असे फरक पाळणारं कोलेशन निवडा. ऱ्हस्व-दीर्घ जुळवणं मात्र त्याच्याही आवाक्याबाहेरचं.

त्यासाठी 'शोधनाव' असा वेगळा रकाना करा. मूळ नावाला हात लावायचा नाही. शोधनावात 'ध्द'चं 'द्ध' करा, दीर्घ वेलांटी-उकार आणि ई-ऊ ऱ्हस्व करा. 'सूत' आणि 'सुत' एक झाले तरी यंत्रमागवाल्याचं काही बिघडत नाही. अनुस्वार राहू द्या.

सगळ्यात फसवं 'कुऱ्हाडे'. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, शोधात मात्र वेगळी. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) ती एक करत नाही. म्हणून झेडडब्ल्यूजे काढून टाका आणि 'ऱ'चा 'र' करा.

गिऱ्हाइकाचं नाव शोधायला टाकलं की त्यालाही हेच नियम लावून मगच शोधनावाशी ताडा, आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) याच रकान्यावर ठेवा. नवी नोंद झाली की शोधनाव ट्रिगरने (डेटाबेस आपोआप चालवतो त्या सूचनेने) भरू द्या. काउंटरवरच्या पोराने ते हाताने भरायचं नाही.