३१ मेच्या आधी: खान्देशातील व्यावसायिक फुटबॉल संघाच्या पुनर्बांधणीची तयारी

सर्वांत आधी सगळ्या खेळाडूंचे करार कपाटातून बाहेर काढावेत आणि एका मोठ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे वय, खेळण्याची जागा, मासिक पगार, बोनसच्या अटी आणि करार संपण्याची तारीख लिहून काढावी. आपल्याकडे बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात, त्यामुळे तारखेपेक्षा वर्ष महत्त्वाचे ठरते. वर्षासमोर लाल पेन्सिलीने खूण केली, तर कोणत्या उन्हाळ्यात संघाला किती मोठे खिंडार पडणार आहे हे एका नजरेत कळते. आमच्या क्लबने ही वही ठेवलेली नव्हती, तेव्हा एकाच ३१ मेला पंधरा जणांचे करार संपले. त्यांत दोन्ही गोलरक्षक होते आणि मधल्या फळीतला एकही जण शिल्लक राहिला नाही. त्या वर्षी आम्ही संघ बांधला असे मला म्हणवत नाही, आम्ही फक्त जागा भरल्या. २४ खेळाडूंचा संघ धरला, तर साधारण आठ करार यंदा, आठ पुढच्या वर्षी आणि आठ त्याच्या पुढच्या वर्षी संपतील अशी रचना करावी. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोघांचे करार एकाच वर्षी संपू देऊ नयेत.

वहीतली दुसरी महत्त्वाची तारीख १ डिसेंबर ही आहे. फिफाच्या नियमावलीप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी करार करण्याची मोकळीक मिळते, म्हणून ज्याला ठेवायचे आहे त्याच्याशी नूतनीकरणाचे बोलणे दिवाळीच्या सुमारास संपवावे. ज्याला ठेवायचे नाही त्यालाही तेव्हाच समोर बसवून स्पष्ट सांगावे. मुलगा पुढच्या वर्षाचे घरभाडे आणि बहिणीचे लग्न या कराराच्या भरवशावर ठरवत असतो; त्याला मे महिन्यात फोनवरून निरोप देणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या क्लबचा करारबद्ध खेळाडू आपल्याला हवा असेल, तर त्याच्याशी बोलण्याआधी त्याच्या क्लबला लेखी कळवावे, आणि खेळाडूच्या वतीने एजंट आला तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते पाहूनच पुढे जावे.

नवा करार लिहिताना त्याची मुदत किमान हंगाम संपेपर्यंतची आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची असावी. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी ही मर्यादा तीन वर्षांची आहे. शिवाय आपल्या कायद्यात अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार रद्दबातल ठरतो, म्हणून तिथे पालकाची सही घेतल्याखेरीज कागद पुढे सरकवू नये. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधीच उरकावी, कारण एकदा सही झाल्यावर ‘तपासणीत उत्तीर्ण झाला तरच करार लागू’ अशी अट नियमाला मान्य नाही. गुडघ्याचा एमआरआय काढायचा असेल तर त्याचा खर्च आधी सोसावा. पुढे तीन वर्षांचा पगार अडकण्यापेक्षा तो केव्हाही परवडतो.

करार पालकांना वाचून दाखवावा आणि त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. अमळनेर तालुक्यातल्या एका सतरा वर्षांच्या बचावपटूचे वडील आमच्या कार्यालयात आले होते. आठ पानांचा कागद त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतला, टोपी गुडघ्यावर काढून ठेवली आणि एकच विचारले, “पोऱ्याना पाय मोडना ते मंग पगारनं काय?” त्या आठ पानांत बोनस होता, शिस्त होती, जाहिरातीचे हक्क होते, पण या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याच दिवशी आम्ही कलम वाढवले की सामन्यात किंवा सरावात झालेल्या दुखापतीच्या काळात पूर्ण पगार चालू राहील आणि शस्त्रक्रिया व फिजिओचा खर्च क्लब करील. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली की खेळाडू सहा ते नऊ महिने, कधी त्याहूनही जास्त, मैदानाबाहेर राहतो, म्हणून हे कलम प्रत्येक करारात असावे आणि त्यासाठी विम्याची तरतूद वेगळी करावी. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या मुलांच्या करारात होळीच्या रजेचाही उल्लेख करावा, कारण सातपुड्यातल्या घरांत होळीला मुलगा नसणे ही लहान गोष्ट नाही, आणि तोंडी दिलेली रजा सामन्यांचे वेळापत्रक आले की हमखास रद्द होते.

पैशांची तयारी इथे पिकाच्या चक्राशी ताडून पाहावी लागते. आपले पुरस्कर्ते कापसाच्या जिनिंगमधले, केळीच्या व्यापारातले किंवा जळगावच्या सराफ बाजारातले असतात, आणि कापसाचा पैसा बाजारात खेळायला लागतो तो दिवाळीच्या आगेमागे. खेळाडूंचे पगार मात्र जुलैपासून सुरू झालेले असतात, आणि पोळ्याच्या सुमारास, जेव्हा सगळ्यांचेच हात आखडलेले असतात, नेमका तेव्हा पगार लांबतो. दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत दिल्यावर खेळाडू योग्य कारणाने करार मोडू शकतो, अशी तरतूद फिफाच्या नियमावलीत आहे. सबळ कारणाशिवाय तीस दिवसांहून अधिक थकवलेल्या देण्याबद्दल क्लबवर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदीही येऊ शकते. म्हणून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम स्वतंत्र खात्यात जमा झाल्याशिवाय एकाही नव्या खेळाडूला शब्द देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ती जमत नसेल, तर २४ ऐवजी २० जणांचा संघ करावा आणि उरलेल्या जागा आपल्या युवा संघातून भराव्यात. मोठ्या उद्योगसमूहांच्या पाठबळावर उभे असलेले महिंद्रा युनायटेड आणि जेसीटी हे संघ अनुक्रमे २०१० आणि २०११ मध्ये बंद झाले. आपल्या पाठीशी तर तेवढाही आधार नाही.

युवा संघाची नोंद वेगळ्या फाइलीत आणि काटेकोर ठेवावी. मुलगा बाराव्या वर्षापासून आपल्याकडे असेल, तर प्रत्येक हंगामाची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत झालीच पाहिजे, कारण करार चालू असताना तो पुढे परदेशी क्लबकडे गेला, तर हस्तांतरणाच्या रकमेचा पाच टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. नोंद नसेल तर हक्क सिद्ध करता येत नाही. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवरचे नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळते का, हे एप्रिलमध्येच पाहावे. दुरुस्तीसाठी तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन खेपा होतातच.

लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून ठरावीक काळासाठी उसना, खेळाडू घेताना पगार कोण देणार, दुखापतीचा खर्च कोणाचा आणि मूळ क्लबविरुद्ध तो खेळेल की नाही, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

मैदानाचे काम जूनच्या पहिल्या पावसाआधी संपवावे. आपली काळी माती मे महिन्यात टाच अडकेल एवढी भेगाळते आणि जुलैत बुटाला किलो किलोने चिकटते, त्यामुळे नव्या खेळाडूचा घोटा पहिल्याच आठवड्यात जायबंदी होण्याची भीती खरी आहे. भेगा बुजवाव्यात, चर खणून पाणी बाहेर काढावे. उन्हाळ्यातला सराव सकाळी साडेपाचला सुरू करून साडेसातला थांबवावा, आणि सुरुवातीची वीस मिनिटे फिफाच्या ‘११ प्लस’ या व्यायामक्रमाला द्यावीत. तो आठवड्यातून किमान दोनदा नीट केला तर दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे.

शेवटी, नोंदणीची खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीसाठी ठरवून दिलेला काळ, बंद होण्याच्या किमान आठ दिवस आधी सर्व कागद प्रणालीवर चढवावेत, प्रत्येक खेळाडूला सही झालेल्या कराराची प्रत हातात द्यावी, त्या प्रतीच्या मागे फिजिओचा आणि हिशेबनिसाचा फोन नंबर लिहावा, आणि नंदुरबार, धुळे व भुसावळकडून येणाऱ्या मुलांना पहिल्या सरावाच्या आदल्या संध्याकाळीच वसतिगृहात बोलावून घ्यावे.