विंटेज रेसिंगचा क्लब निवडताना आधी पोच्याची चौकशी करा

अमेरिकेत जुनी एमजी किंवा आल्फा रोमिओ मोटार घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर उतरायची हौस आपल्यातल्याही काही जणांना असते. मग मला फोन येतात: कुठल्या क्लबात जाऊ? मी कनेक्टिकटच्या लाइम रॉक ट्रॅकवर झेंडे घेऊन उभा राहणारा स्वयंसेवक, त्यामुळे माझं उत्तर ड्रायव्हरांपेक्षा वेगळं असतं. टायर, कार्ब्युरेटर, कुठल्या सालापर्यंतची गाडी चालते, हे सगळं नंतर बघा. नियमावलीत आधी ते पान काढा, जिथे पत्र्याला पत्रा लागल्यावर काय होतं ते लिहिलंय.

इथल्या बऱ्याच क्लबांत त्या पानावर १३/१३ नावाचा नियम सापडेल. तपशील थोडे बदलतात, पण गाभा असा: चूक ज्याची ठरेल त्याचा वीकेंड संपला, गाडी ट्रेलरवर. वर १३ महिने प्रोबेशन. त्या मुदतीत पुन्हा तसंच घडलं तर १३ महिने बंदी. बारा असते तर पठ्ठ्या पुढच्या वर्षी त्याच मीटला हजर झाला असता. तेरामुळे तीही हुकते.

नियम तोच, पण राबवणारे वेगळे. म्हणून क्लबवाल्यांना तोंडावर विचारा: चूक कोणाची हे ठरवतं कोण? दोन्ही ड्रायव्हरांना बोलावता का? गाडीत कॅमेरा सक्तीचा आहे का? नुसता रंग खरवडला तर तेही धरता का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला, तर दुसरा क्लब बघा.

आमच्या बाजूने काय होतं तेही सांगतो. लांब सरळ रस्ता संपून बिग बेंडचं उजवं वळण लागतं. तिथे दोन गाड्या टेकल्या की एक जण पिवळा झेंडा धरतो, दुसरा हेडसेटवर शर्यतीच्या कंट्रोल रूमला गाड्यांचे नंबर, रंग, आतल्या बाजूला कोण होता, बाहेर कोण, लागलं कुठे, एवढंच सांगतो. ‘चूक त्याची’ हे आम्ही म्हणायचं नसतं. मग काळा झेंडा आणि नंबराची पाटी दाखवून गाडी ट्रॅकवरून बाजूला, पिटमध्ये घेतात. कडक क्लबात पोचा बोटाने चाचपून बघतात आणि आमचा लेखी कागद मागून घेतात. ढिल्या क्लबात कागद माझ्याच खिशात राहतो आणि प्रकरण संध्याकाळी बिअरवर मिटतं. भीड भिकेची बहीण, दुसरं काय!

आता क्लबांचे प्रकार. व्हीएससीसीए (व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) १९५८ चा, छोटा. युद्धपूर्व आणि पन्नाशीच्या दशकातल्या गाड्यांवर त्याचा भर. अशा छोट्या क्लबात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे बदनामीचा धाक दंडापेक्षा मोठा. एसव्हीआरए (स्पोर्ट्सकार व्हिंटेज रेसिंग असोसिएशन) म्हणजे मोठा कारभार, गाड्यांचे अनेक गट, शिवाय चॅम्पियनशिप. तिथे ओळखीपाळखीचा प्रश्न कमी, पण करंडक समोर आला की ब्रेक उशिरा दाबायचा मोहही येतो. पहिल्या हंगामाला मी तरी छोटाच सुचवतो.

इंग्लंडात असाल तर मामला कागदोपत्री जास्त. १९३४ पासूनच्या व्हीएससीसीत (तिथला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब) गाडी तपासून ‘बफ फॉर्म’ म्हणजे गाडीच्या पात्रतेचा कागद मिळतो, तो असेल तरच शर्यत. एफआयए या जागतिक मोटर संघटनेचा, जुन्या गाडीला मिळणारा ऐतिहासिक पासपोर्ट दहा वर्षं चालतो. बेशिस्तीची नोंद मोटरस्पोर्ट यूके या तिथल्या नियामक संस्थेच्या लायसन्सवर चढते, म्हणजे क्लब बदलून सुटका नाही. अपिलाची सोय आहे, पण फॉर्म भरायचा कंटाळा असणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये.

(भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ नोंदणी मिळते आणि ती रॅलीला काढता येते. रॅलीतली शिस्त वेगळी. तो अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही.)

क्लबाचे पैसे भरण्याआधी एक वीकेंड मार्शल म्हणून, म्हणजे माझ्यासारखा झेंडेवाला स्वयंसेवक म्हणून या. बहुतेक ठिकाणी माणसं कमीच पडतात, नवख्यालाही सोबत उभं करतात. सकाळची ड्रायव्हर्स मीटिंग चुकवू नका. आदल्या दिवशीच्या टकरीचा विषय तिथे निघतो की गिळला जातो, ते कान देऊन ऐका. सप्टेंबरच्या लेबर डे वीकेंडला लाइम रॉकला आलात तर उत्तमच. १९५९ च्या कोर्टाच्या मनाईमुळे तिथे रविवारी शर्यत होत नाही, गाड्या नुसत्या मांडून ठेवतात आणि मालक गप्पांना मोकळे असतात. शनिवारी जिच्या मडगार्डवर टेप चिकटवलेली दिसली, त्या गाडीच्या मालकाला गाठा आणि क्लबाने पुढे काय केलं ते विचारा.